नक्षी शाबूत, रबर म्हातारे: कमी चालणाऱ्या गाडीसाठी हाय परफॉर्मन्स ऑल-सीझन टायरची निवड

पार्श्वभूमी

गाडी चार दरवाज्यांची स्पोर्ट सेडान, वजन साधारण १,४५० किलो, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना. कंपनीने दिलेले टायर २२५/४५ आर १७, ९१ डब्ल्यू. म्हणजे रुंदी २२५ मि.मी., गालाची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम १७ इंची, एका टायरची भारक्षमता ६१५ किलो आणि वेगमर्यादा ताशी २७० कि.मी.

गाडी वर्षाला जेमतेम ४,००० कि.मी. चालते. आठवडाभर छपराखाली उभी असते आणि सुट्टीच्या दिवशी महामार्ग व वळणावळणाचा डोंगरी रस्ता असा फेरा होतो. कधी कधी दोन-तीन आठवडे ती जागची हलतही नाही. हवामान तिन्ही प्रकारचे: कडक ऊन, भरपूर पाऊस आणि थंडीत पहाटे शून्याच्या आसपास जाणारे तापमान. बर्फ पडला की मालक गाडी बाहेर काढतच नाहीत. निवडीत हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला.

अडचण

ओल्या रस्त्यावर वळणातून बाहेर पडताना गाडीचा मागचा भाग सुटू लागला. साध्या ब्रेकलाही एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागायचे. कोरड्या रस्त्यावर तक्रार काहीच नव्हती, फक्त खडखड थोडी वाढली होती.

टायरच्या दुकानात नक्षीची खोली मोजली तर चारही टायरवर सरासरी ५.६ मि.मी. भरली. नवा टायर साधारण ८ मि.मी. असतो आणि घिसाव-खुणा १.६ मि.मी. वर लागतात. त्या हिशेबाने टायर निम्माही झिजलेला नव्हता. ‘अजून तीन-चार वर्षे आरामात जातील’ असा सल्ला मिळाला. नक्षीपुरते पाहिले तर तो बरोबरही होता.

खरी गोष्ट गालावरच्या आकड्यांत होती. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. इथे ते ३४१६ होते, म्हणजे २०१६ चा ३४ वा आठवडा. तपासणी २०२३ च्या शेवटी झाली, तेव्हा टायर सात वर्षांचे होते. हा पूर्ण कोड बऱ्याचदा एकाच गालावर असतो आणि तो गाल आतल्या बाजूला गेला असेल तर बाहेरून दिसत नाही. इथे दोन टायरचा कोड वाचायला गाडी जॅकवर घ्यावी लागली. दुकानात हे कोणी केले नव्हते.

मग शोअर-ए मापकाने रबराचा कडकपणा मोजला. तापमानाने हा आकडा हलतो, म्हणून चारही टायर सावलीत, एकाच वेळी, साधारण २० अंश सेल्सिअसला मोजले. चारही ७६ ते ७९ च्या दरम्यान आले. या वर्गातला नवा टायर ढोबळ मानाने साठीत किंवा साठीच्या जरा पुढे असतो. नक्षीच्या चरांत, तळाशी, केसासारख्या बारीक भेगा होत्या. मागच्या डाव्या टायरच्या गालावर भेगा सर्वांत जास्त होत्या आणि त्याही वरच्या एकाच पट्ट्यात. छपराच्या कडेने येणारे दुपारचे ऊन रोज नेमके त्याच टायरवर पडत होते.

असे का होते, ते समजून घेतले की पुढची निवड सोपी होते. टायरच्या रबरात ओझोनला अडवणारी रसायने आणि मेण मिसळलेले असते. टायर फिरताना रबर दबते, ताणले जाते आणि ही द्रव्ये हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ संरक्षक थर धरतात. रोज चालणाऱ्या गाडीत हा थर सतत नवा होत राहतो. उभ्या गाडीत तो नवा होत नाही, आणि ऊन, उष्णता, ऑक्सिजन व ओझोन मात्र आपले काम थांबवत नाहीत. रबर वाळते, कडक होते, रस्त्याच्या बारीक खडबडीत बसेनासे होते. ओल्या रस्त्यावर पकड बरीचशी याच बसण्यातून येते. त्यामुळे खोल नक्षी असूनही टायर घसरतो: नक्षी पाणी बाजूला सारते, पण खाली उरलेल्या ओल्या डांबराला धरून ठेवण्याचे काम रबराचेच असते.

भरीस भर म्हणून मालक टायर चकचकीत दिसावेत यासाठी सॉल्व्हंट असलेले पॉलिश नियमित लावत होते. अशी पॉलिशे पृष्ठभागावरचे संरक्षक मेण धुऊन काढतात.

पहिला निर्णय: बदलायचे की थांबायचे

बहुतेक मोठे टायर उत्पादक पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि निर्मितीपासून दहा वर्षांनी सक्तीने निवृत्ती असे सांगतात. काही वाहन उत्पादक सहाच वर्षे देतात. या गाडीच्या पुस्तिकेतही सहाच वर्षे लिहिली होती.

एकट्या वयावर निर्णय घेतला नाही, आणि ते योग्यच होते. सावलीत राहिलेला, नियमित फिरलेला सात वर्षांचा टायर धडधाकट असू शकतो. इथे मात्र चार गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवत होत्या: वय, कडकपणा, चरांतल्या भेगा आणि ओल्या रस्त्यावरचे वागणे. शेवटची गोष्ट सर्वांत वजनदार. टायर पावसात सांगतो ते ऐकायचे, खोलीमापक काय म्हणतो ते त्यानंतर.

फक्त मागचे दोन बदलण्याचाही विचार झाला. दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागेच बसवायचे असतात, नाहीतर ओल्या रस्त्यावर मागचा भाग आधी सुटतो. पण पुढचे दोन टायरही तितकेच वाळलेले होते. मग ब्रेकचा जास्त भार घेणाऱ्या चाकांवर कडक रबर राहिले असते. चारही बदलायचे ठरले.

पर्याय

इथे मालकांची पहिली पसंती भरपूर किलोमीटरची हमी असलेल्या टूरिंग (लांब पल्ल्याच्या, टिकाऊ) ऑल-सीझन टायरला होती. एवढे पैसे घालायचे तर टायर टिकाऊ हवा, असा साधा विचार. तो रोज धावणाऱ्या गाडीला लागू पडतो. इथे तो का लागू पडत नाही, हे आकडेच सांगतात.

जुन्या टायरची २.४ मि.मी. नक्षी २८,००० कि.मी.त गेली. पावसाळी रस्त्यासाठी ३ मि.मी. ही खालची मर्यादा धरली तर ८ मधून ५ मि.मी. वापरायला मिळतात. त्याच वेगाने ही ५ मि.मी. झिजायला साधारण ५८,००० कि.मी. लागतील, म्हणजे वर्षाला ४,००० च्या हिशेबाने चौदा वर्षांहून जास्त. तोवर टायर कधीच निवृत्त झालेला असेल.

जुन्या टायरचा ट्रेडवेअर आकडा, म्हणजे झीज किती सोसेल ते सांगणारा आकडा, ५०० होता. हा आकडा १०० धरलेल्या मानक टायरशी तुलना करून काढतात आणि तो उत्पादक स्वतःच ठरवतो. त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना जपूनच करावी, पण अंदाजाला तो पुरतो. ४०० चा टायर घेतला तर साधारण ४६,००० कि.मी., म्हणजे साडेअकरा वर्षे. ३०० चा समर टायरही ३५,००० कि.मी., म्हणजे पावणेनऊ वर्षे जाईल. या गाडीवर यातला कोणताही टायर झिजून निवृत्त होण्याची शक्यता कमीच. सगळे वयानेच जाणार. किलोमीटरच्या हमीसाठी मोजलेला जादा पैसा मग कधीच वसूल होत नाही, आणि अशा हम्यांना बहुधा वर्षांचीही मर्यादा असते.

टूरिंग वर्ग बाद होण्याचे कारण हे. त्याचे रबर झीज सोसण्यासाठी बांधलेले असते, आणि त्या टिकाऊपणासाठी सोडलेली थोडी पकड याच गाडीला हवी होती.

समर टायर झिजेच्या कारणाने बाद होत नाही, हे वरच्या हिशेबातून दिसतेच. तो बाद झाला तापमानामुळे. साधारण ७ अंशांच्या खाली समर टायरचे रबर ताठर होऊ लागते. गोठणबिंदूच्या खाली तर काही उत्पादक असा टायर वापरू नका, हलवूही नका असे बजावतात, कारण थंडीत ताठरलेल्या रबराला दाबाने चिरा जाऊ शकतात. मालक थंडीतही पहाटे निघतात, त्यामुळे हा धोका नुसता कागदावरचा नव्हता.

समर आणि विंटर असे दोन संच ठेवणे कामगिरीच्या दृष्टीने सर्वांत उत्तम. पण वर्षाला ४,००० कि.मी. दोन संचांत वाटली तर आठ टायर एकाच वेळी म्हातारे होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला २,०००च कि.मी. येतात. बर्फात जायचेच नसेल तर हा खर्च निरर्थक ठरतो.

उरला हाय परफॉर्मन्स ऑल-सीझन वर्ग. मिशलिनचा पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ (ट्रेडवेअर ५४०) आणि कॉन्टिनेंटलचा एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस ०६ प्लस (५६०) ही या वर्गातली ओळखीची नावे. समर टायरइतकी धार नाही आणि विंटरइतकी बर्फातली पकडही नाही, पण थंडीत रबर लवचीक राहते आणि गाल घट्ट असल्यामुळे स्टिअरिंगला उत्तर चटकन मिळते.

दुसरा निर्णय: या वर्गातला कोणता

तीन टायर अंतिम यादीत आले. इथे त्यांना क, ख आणि ग म्हणू.

‘क’ वर एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) एवढीच खूण होती. ही खूण नक्षीच्या ठेवणीवरून मिळते, तिच्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. ‘ख’ वर तीन शिखरे आणि हिमकण असलेली खूण होती. ती मिळवायला घट्ट बर्फावर मानक टायरपेक्षा ठरावीक प्रमाणात जास्त पकड दाखवावी लागते. पण ही चाचणी सरळ रेषेतल्या पकडीची असते, वळणाची नाही. बर्फात न निघणाऱ्या गाडीसाठी ही खूण निर्णायक मानली नाही. ती असली तर चांगलेच, पण तिच्यापायी पावसातली पकड सोडायची नाही, असे ठरले.

‘ग’ चा ट्रेडवेअर ४०० आणि कोरड्या रस्त्यावरचा लौकिक सर्वांत चांगला. पण त्या मापात तो व्ही वेगश्रेणीत, म्हणजे २४० कि.मी. साठीच मिळत होता. एवढ्या वेगाने कोणी जात नाही हे खरे. पण वेगश्रेणी उष्णता सोसण्याची आणि बांधणीचीही खूण असते, आणि मूळ श्रेणीच्या खाली जाऊ नये हा नियम अशा गाडीत मोडण्यासारखा नाही. ‘ग’ बाद झाला.

‘क’ आणि ‘ख’ मध्ये ओल्या रस्त्यावरच्या ब्रेक चाचण्यांत ‘ख’ सरस होता. ‘क’ ची किलोमीटरची हमी जास्त होती, पण वरच्या हिशेबानंतर तिला किंमत उरली नव्हती. ‘ख’ निवडला.

इथे एक बारकावा सुटता सुटता राहिला. ‘ख’ या मापात एक्सएल (जास्त भार पेलणाऱ्या) बांधणीचा होता, भारांक ९४, म्हणजे ६७० किलो. आकडा मोठा दिसतो म्हणून दाराच्या पट्टीवर लिहिलेलीच हवा भरली तर चालेल, असे वाटणे साहजिक आहे. पण एक्सएल टायर ही क्षमता जास्त हवेवर गाठतो. ९१ चा साधा टायर २.५ बारवर ६१५ किलो पेलतो. ९४ चा एक्सएल त्याच २.५ बारवर साधारण ५९५ किलोच पेलतो, आणि ६१५ गाठायला त्याला सुमारे २.६ बार लागतात. म्हणून पट्टीवर पुढे ३३ आणि मागे ३५ पीएसआय असताना ३५ आणि ३७ ठरवले.

तिसरा निर्णय: किती ताजा

दुकानात आलेल्या चारपैकी दोन टायर तीन महिन्यांचे होते आणि दोन सव्वीस महिन्यांचे. नीट साठवलेला दोन-तीन वर्षांचा न वापरलेला टायर नवा म्हणून विकला जातो आणि रोज धावणाऱ्या गाडीला त्याने काही बिघडत नाही. पण जिथे टायर वयानेच जाणार आहे, तिथे सव्वीस महिने म्हणजे विकत घेतलेल्या आयुष्याचा चांगला लचका. शिवाय एकाच संचात वयाचा एवढा फरक असेल तर पुढे पुन्हा दोन-दोन बदलण्याचा पेच येतो. ते दोन परत पाठवले आणि ‘चारही टायर सहा महिन्यांच्या आतले’ अशी अट बिलावर लिहून घेतली. त्यासाठी आणखी नऊ दिवस थांबावे लागले.

ही अट आगाऊ पैसे देताना घालावी लागते. टायर रिमवर चढल्यावर कोणी परत घेत नाही.

बसवताना

‘ख’ ची नक्षी असममित, म्हणून ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर आहे का, हे प्रत्येक चाकावर पाहिले. रिमच्या ज्या कडेवर टायर बसतो तिथली गंज आणि जुन्या रबराची खपली तारेच्या ब्रशने काढली. ही पायरी घाईत सुटते आणि मग हळूहळू हवा जात राहते, पंक्चर शोधून सापडत नाही. व्हॉल्व्हची रबरी वायसरे आणि आतल्या पिना नव्या घातल्या. हवेचा दाब दाखवणारे सेन्सर चालू होते, म्हणून तेच ठेवले.

बॅलन्सिंगनंतर नट हाताने लावून मग टॉर्क पान्याने, समोरासमोरच्या क्रमाने, पुस्तिकेतल्या आकड्यावर आवळले आणि ८० कि.मी. नंतर पुन्हा तपासले. हवेच्या बंदुकीने शेवटपर्यंत आवळले तर नट कमीजास्त ताणले जातात आणि ब्रेकची चकती वाकण्याचे एक कारण तिथेच तयार होते. अलाइनमेंटमध्ये मागचा टो (वरून पाहता चाकांचा आत-बाहेर कल) थोडा मर्यादेबाहेर निघाला, तो दुरुस्त केला. नायट्रोजन भरून घेतला नाही. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा अंश राहतो. म्हणून पहिले ५०० कि.मी. जोराची वळणे आणि कडक ब्रेक टाळले.

निकाल

पावसात मागचा भाग सुटणे थांबले. जिथे हमखास एबीएस लागायचे, त्या उतारावर आता तेवढ्याच ब्रेकला ते लागत नाही. डोंगरी रस्त्यावर जुन्या टायरपेक्षा स्टिअरिंग किंचित मऊ वाटते. ऑल-सीझनच्या खोल, कापलेल्या नक्षीचे ठोकळे थोडे हलतात, त्याचा हा परिणाम. पहिल्या काही हजार किलोमीटरनंतर तो कमी झाला.

पहिल्या थंडीत गाडी पाच आठवडे उभी राहिली आणि त्यानंतर ताशी ७० च्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागले. मालक तडक दुकानात गेले, फिटरने चाके काढून पुन्हा बॅलन्स केली, दोन चाकांना नवी वजने लागली. परतताना थरथर कमी झाली, पण दुसऱ्या दिवशी, टायर गोल झाल्यावर, वेगळीच थरथर सुरू झाली. खरे कारण उभे राहून टायरच्या तळाला आलेला सपाटपणा होता. नायलॉनचे थर असलेल्या, कमी उंचीच्या, वेगवान टायरमध्ये तो जास्त येतो आणि थंडीत लवकर जात नाही. तसा टायर मशिनवर लावला की मशीन सपाटपणालाच असंतुलन समजते आणि चुकीची वजने सांगते. शेवटी ३० कि.मी. चालवून टायर गरम केले, लगेच चाके उचलली आणि तिसऱ्यांदा बॅलन्स केली. तेव्हा प्रश्न मिटला.

ओळखण्याची खूण सोपी आहे. थरथर २०-३० कि.मी. नंतर विरत असेल तर सपाटपणा, तशीच राहत असेल तर बॅलन्स किंवा रिम.

आता गाडी तीन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर हवा ४२ पीएसआयपर्यंत वाढवतात. गालावर लिहिलेली कमाल ५० आहे, तिच्या ती बरीच खाली राहते. निघण्यापूर्वी हवा पुन्हा ३५ आणि ३७ वर आणतात. एरवी दर दहा-बारा दिवसांनी गाडी निदान २५ कि.मी. नेतात, जागच्या जागी इंजिन सुरू करून ठेवत नाहीत, कारण त्याने टायर फिरत नाही. पॉलिश बंद झाले आहे, टायर साबणाच्या पाण्याने धुतात. छपराच्या कडेला जाड पडदा लागला आहे.

काय वेगळे करता आले असते

पहिली गोष्ट सेन्सरची. ते सात वर्षांचे होते आणि त्यांच्या आतल्या बॅटऱ्या साधारण पाच ते दहा वर्षे जातात. ‘चालू आहेत’ म्हणून ठेवले आणि चौदा महिन्यांत एक बंद पडला. टायर उतरवणे, चढवणे, बॅलन्सिंग सगळे पुन्हा आले. टायर वयाने बदलत असतील तर सेन्सरही त्याच वेळी बदलावेत. मजुरी एकदाच पडते.

दुसरी गोष्ट स्टेपनीची. तिच्याकडे कोणी पाहिलेच नाही. महिनाभराने डिकी रिकामी करताना कोड वाचला तर ती चार टायरपेक्षाही जुनी निघाली, आणि हवा जवळजवळ संपलेली. न वापरलेला टायरही म्हाताराच होतो. चार टायरांच्या ऑर्डरमध्ये तिचा समावेश व्हायला हवा होता.

तिसरी गोष्ट तपासणीच्या वेळेची. भेगा पाचव्या वर्षीच दिसल्या असत्या. मालक दरवर्षी सर्व्हिसिंग करत होते, पण कागदावर टायरच्या रकान्यात फक्त नक्षीची खोली भरली जात होती. आता त्या कागदावर हाताने दोन रकाने वाढवले आहेत: निर्मितीचा कोड आणि चरांतल्या भेगा. पाचव्या वर्षापासून कडकपणाचा आकडाही त्यात येईल, दरवेळी सावलीत आणि तापमान नोंदवून. नव्या टायरचा पहिला आकडा बसवल्याच्या दिवशीच घेतला आहे, ६४. तो सत्तरीच्या पुढे गेला की नक्षी कितीही उरलेली असो, पावसाळ्याआधी पुन्हा निर्णय घ्यायचा आहे.